नव्या साथीचा विषाणू किती घातक आहे, हे सुरुवातीच्या आकड्यांवरून ठरवता येते का?

शतपावली

केरळमध्ये निपाहचा रुग्ण सापडल्याची बातमी आता एक-दोन वर्षांआड येतच असते आणि अशा प्रत्येक बातमीत ‘मृत्युदर ४० ते ७५ टक्के’ हे वाक्य ठरलेले असते. २०१८ साली कोझिकोड आणि मलप्पुरम भागात निपाहने सतरा बळी घेतले आणि लागण झालेल्यांपैकी अगदी मोजके लोक वाचले. २०२३ साली त्याच कोझिकोडमध्ये सहा रुग्ण आढळले आणि त्यांपैकी दोन दगावले, म्हणजे चार वाचले. विषाणू तोच असताना एवढा फरक कशामुळे पडला?

दुसरे उदाहरण आपण सर्वांनीच अनुभवलेले आहे. नोंदलेल्या कोविड रुग्णांपैकी सुमारे ३.४ टक्के मरण पावले आहेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी ३ मार्च २०२० रोजी सांगितले होते. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईतील तीन प्रभागांत झालेल्या सेरो सर्वेक्षणावरून, म्हणजे रक्तातील प्रतिपिंडे तपासून लागण होऊन गेलेले लोक मोजणाऱ्या पाहणीवरून, हेच प्रमाण ०.०५ ते ०.१० टक्के असावे असा अंदाज मांडला गेला. दोन्ही आकडे जबाबदार लोकांनीच दिले होते आणि तरीही त्यांच्यात तिसाहून अधिक पटींचे अंतर आहे.

माझे मत असे आहे की, नवी साथ आल्यावर पहिले दोन महिने टक्केवारी प्रसिद्धच करू नये. जाणकारांनी आपले मत मांडावे; असहमती असेल तर ती अधिकच उपयोगी ठरेल.

गणितवेडा

धागा चांगला आहे, मात्र तुमच्या शेवटच्या मताशी मी असहमत आहे. त्याकडे नंतर वळतो. आधी हा भागाकार कसा फसवतो ते पाहू.

समजा, एका नव्या आजारात रुग्णांची एकूण संख्या दर आठवड्याला दुप्पट होते आहे, निदानापासून मृत्यूपर्यंत तीन आठवडे जातात आणि शंभरातले आठ रुग्ण खरोखरच मरणार आहेत. आज एकूण ८०० रुग्ण असतील, तर तीन आठवड्यांपूर्वी १०० होते. आजपर्यंत झालेले मृत्यू हे त्या १०० जणांमधले, म्हणजे ८. बातमीदार ८ला ८००ने भागतो आणि मृत्युदर १ टक्का असल्याचे लिहितो. यात कोणीही खोटे बोललेले नाही. उरलेल्या ७०० जणांचे काय होणार हे अजून कळायचे आहे, एवढेच. साथ जितकी वेगाने पसरते तितका हा भागाकार खाली ओढला जातो. वेगाने पसरणारा आजार सुरुवातीला सौम्य वाटावा, ही यातील सर्वांत धोकादायक गोष्ट आहे.

२००३ साली आलेल्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीत नेमके हेच घडले. मार्च-एप्रिलमध्ये सुमारे ४ टक्के हा आकडा सांगितला जात होता. ७ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने तो सुधारून एकूण १४ ते १५ टक्के, पासष्टीपुढील रुग्णांत ५० टक्क्यांहून अधिक आणि चोविशीच्या आतील रुग्णांत १ टक्क्याहूनही कमी, असा अंदाज दिला. पाच-सहा आठवड्यांत विषाणू तिप्पट घातक झालेला नव्हता. आधी आजारी पडलेल्यांचे शेवट कळू लागले होते.

शंकेखोर

गणितवेडा, आपण नाण्याची एकच बाजू दाखवलीत. सुरुवातीचा आकडा फुगलेला असण्याची उदाहरणे मला तरी अधिक आठवतात. एप्रिल २००९च्या अखेरीस मेक्सिकोतून स्वाइन फ्लूच्या दीडशेच्या आसपास संशयित मृत्यूंच्या बातम्या आल्या आणि जगभर घबराट पसरली. प्रत्यक्षात प्रयोगशाळेत सिद्ध झालेले मृत्यू तेव्हा त्यांतले थोडेच होते. त्या वर्षी जुलैमध्ये ब्रिटनच्या आरोग्य खात्याने सर्वांत वाईट परिस्थितीत ६५,००० मृत्यू होऊ शकतील असे गृहीत धरून तयारी केली. प्रत्यक्ष नोंदलेले मृत्यू पाचशेच्या आत राहिले.

माझा तर्क साधा आहे. नव्या आजारात सर्वांत आधी तोच रुग्ण दिसतो जो अतिदक्षता विभागात पोहोचतो. घरी दोन दिवस पडून बरा झालेला माणूस कोणाच्याच वहीत येत नाही.

पेठकर

शंकेखोर यांनी २००९चा विषय काढलाच आहे, तर पुण्याविषयी लिहितो. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू ऑगस्ट २००९च्या सुरुवातीला पुण्यातच नोंदला गेला आणि त्यानंतर नायडू रुग्णालयासमोर लागलेल्या रांगा अनेकांना आठवत असतील. शाळा बंद झाल्या, मास्क मिळेनासे झाले, तेव्हा लोकांनी हातरुमाल तोंडाला बांधले.

धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाची बाब पुढे घडली. सुरुवातीला जवळपास प्रत्येक संशयिताचा घशातील स्राव राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत जात असे. गर्दी आवरेना, तेव्हा त्याच महिन्यात केंद्राने रुग्णांचे अ, ब आणि क असे गट पाडले आणि चाचणी केवळ क गटाची, म्हणजे गंभीर लक्षणे असलेल्यांची, करायची असे ठरले. वैद्यकीयदृष्ट्या तो निर्णय योग्यच होता. मात्र त्या दिवसानंतर छेदातून, म्हणजे रुग्णांच्या एकूण संख्येतून, सौम्य रुग्ण एकदम बाहेर पडले आणि अंशातले मृत्यू मात्र जागच्या जागी राहिले. आधीच्या आणि नंतरच्या टक्केवारीची तुलना करून जे लेख लिहिले गेले, त्यांनी विषाणूऐवजी एका परिपत्रकाचा परिणाम मोजला.

बंडोपंत

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर प्रत्येक नव्या विषाणूचा मृत्युदर शंभर टक्के असतो. निरोप पुढे पाठवणारे काका मात्र आजवरच्या सर्व साथींतून सुखरूप बचावलेले आहेत.

गणितवेडा

शंकेखोर, आपले म्हणणे मला मान्यच आहे आणि माझ्या आधीच्या प्रतिसादाशी ते विसंगत नाही. दोन चुका एकाच वेळी विरुद्ध दिशांना ओढत असतात: मृत्यू उशिरा कळतात म्हणून आकडा खाली जातो आणि सौम्य रुग्ण दिसत नाहीत म्हणून तो वर जातो. सार्समध्ये लक्षणविरहित रुग्ण फारसे नव्हते, त्यामुळे पहिली चूक वरचढ ठरली. स्वाइन फ्लूमध्ये घरीच बरे होणारे असंख्य होते, त्यामुळे दुसरी. कोणत्या साथीत कोणती चूक मोठी आहे, हे पहिल्या महिन्यात केवळ रुग्णांची आणि मृतांची बेरीज पाहून सांगता येत नाही.

२००९चा शेवटही आपल्या मांडणीइतका सरळ नाही. प्रयोगशाळेत सिद्ध झालेले मृत्यू जगभरात सुमारे १८,५०० होते. नंतरच्या अभ्यासाने पहिल्या वर्षातील मृत्यूंचा अंदाज दीड लाख ते पावणेसहा लाख इतका दिला. म्हणजे अंशही कित्येक पटींनी कमी मोजला गेला होता. छेद त्याहूनही खूप अधिक पटींनी कमी मोजला गेल्यामुळे प्रमाण शेवटी अगदी लहान निघाले.

वैनतेय

मी अतिदक्षता विभागात काम करतो, त्यामुळे या चर्चेकडे थोड्या वेगळ्या बाजूने पाहतो. उशिराची चूक टाळण्यासाठी आम्ही पुष्कळदा ज्यांचा निकाल लागला आहे, म्हणजे जे बरे होऊन घरी गेले किंवा मरण पावले, तेवढ्याच रुग्णांवरून प्रमाण काढतो. पश्चिम आफ्रिकेतील इबोलाच्या साथीत २०१४च्या सप्टेंबरमध्ये सरळ भागाकाराने मृत्युप्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास दिसत होते, तर निकाल ठाऊक असलेल्या रुग्णांत ते सुमारे ७० टक्के होते. साथ संपल्यावरच्या एकूण नोंदी पाहिल्या तर सुमारे २८,६०० रुग्ण आणि ११,३०० मृत्यू दिसतात, म्हणजे ४० टक्के. परंतु त्या नोंदींत अनेकांचा शेवट लिहिलेलाच नाही, म्हणून अखेरचा आकडाही अंतिम सत्य मानता येत नाही.

या पद्धतीलाही एक खोट आहे. मृत्यू लवकर होत असेल आणि बरे होण्यास अधिक दिवस लागत असतील, तर निकाल लागलेल्यांत मृतांचाच भरणा अधिक दिसतो.

आता शतपावली यांच्या ‘विषाणू तोच’ या मुद्द्याकडे वळतो. त्याच इबोलाच्या साथीत अमेरिकेत आणि युरोपात मिळून २७ रुग्णांवर उपचार झाले आणि त्यांतील पाच दगावले. शिरेतून द्रव देणे, क्षारांचे संतुलन राखणे, गरज पडल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास किंवा डायलिसिस, यांत चमत्कार काहीच नाही. फक्त ते वेळेवर आणि पुरेशा मनुष्यबळासह झाले. कोझिकोडमध्ये २०१८ साली आजार ओळखेपर्यंत अनेकांना लागण झालेली होती. २०२३ साली लोकांना, डॉक्टरांना आणि यंत्रणेला निपाह ठाऊक होता. संपर्कातल्यांचा शोध लगेच सुरू झाला, त्यामुळे रुग्ण लवकर हाती लागले.

गणितवेडा

वैनतेय यांच्या प्रतिसादाला एक पुरवणी जोडतो. सहांपैकी दोन किंवा पाचांपैकी तीन अशा आकड्यांवरून टक्केवारी काढणेच धाडसाचे असते. पाचांपैकी तीन दगावले, तर आपण ‘६० टक्के’ म्हणतो. पण संख्याशास्त्रानुसार ९५ टक्के विश्वास-मर्यादेत खरे प्रमाण सुमारे १५ ते ९५ टक्क्यांमध्ये कोठेही असू शकते. दहा रुग्णांपैकी एकही दगावला नाही, तरी खरे प्रमाण २५ टक्के असण्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही. कोझिकोडची दोन वर्षे परस्परांपासून भिन्न आहेत असे वाटण्यात नशिबाचाही काही वाटा आहे.

आरोग्यसेविका_वि

मी विदर्भातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून निवृत्त झाले. वरची चर्चा मोठ्या शहरांची आणि मोठ्या रुग्णालयांची चालली आहे, म्हणून खालच्या पायरीवरचे लिहिते.

चांदीपुरा विषाणूला नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचे नाव आहे. तो १९६५ साली तेथील तापाच्या रुग्णांच्या रक्तातून वेगळा केला गेला. त्यानंतर बरीच वर्षे त्याच्याकडे विशेष लक्ष दिले गेले नाही. २००३ साली आंध्र प्रदेशात ३२९ मुले मेंदूज्वराने आजारी पडली, १८३ दगावली आणि तपासात चांदीपुरा पुढे आला. त्या हंगामात आपल्या विदर्भातही मुले दगावली. ५५ टक्के हा आकडा तेव्हापासून सगळीकडे उद्धृत होतो.

आता हा आकडा तयार कसा होतो ते पाहा. लेकरू संध्याकाळी तापाने फणफणते, रात्री झटके येतात, पहाटे बेशुद्ध होते आणि एक-दोन दिवसांत सगळे संपते. अशा मुलाला आई-वडील मिळेल त्या वाहनाने घेऊन येतात. त्याच वाडीत त्याच आठवड्यात तापलेली इतर पाच-सात मुले तापाच्या गोळीवर बरी होतात. त्यांचे रक्त कोणी घेत नाही आणि घेण्याचे कारणही कोणाला वाटत नाही. मोठ्या माणसांच्या रक्तात या विषाणूची प्रतिपिंडे आढळतात, हे साठच्या दशकातच दिसून आले होते. म्हणजे लागण होऊन कळलेसुद्धा नाही असे लोक भरपूर आहेत. ५५ टक्के हा चांदीपुराचा मृत्युदर नसून, चांदीपुराने मेंदूला सूज येऊन दवाखान्यापर्यंत पोहोचलेल्या मुलांचा मृत्युदर आहे.

याउलटही घडते. दवाखान्याच्या वाटेवरच गेलेल्या मुलाचा नमुना घेतला जात नाही आणि त्याचा मृत्यू ‘ताप’ म्हणून लिहिला जातो. २०२४ साली मुख्यतः गुजरातमध्ये आलेल्या साथीत देशभरात मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले, पण चांदीपुरा सिद्ध झाला तो ६४ जणांत. बातम्यांमध्ये मात्र हे तिन्ही आकडे एकाच वाक्यात कालवले जात होते.

पेठकर

ताईंचा प्रतिसाद हा या धाग्यावरील सर्वांत मोलाचा प्रतिसाद आहे.

म्हादई

ताईंचे अगदी पटले. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आणि पलीकडे सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात गेल्या दशकापासून माकडतापाचे रुग्ण सापडत आहेत. काजूच्या हंगामात बागेत काम करणाऱ्यांना गोचीड चावते आणि ताप येतो. येथे माणसांच्या आकड्यांपेक्षा मेलेली माकडे अधिक लवकर इशारा देतात, म्हणून रानात माकड मेलेले दिसले की लोक आरोग्य केंद्राला कळवतात. या आजारात शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात असे सांगितले जाते. शेजाऱ्याला ताप आला असता आजार किती टक्के घातक आहे हे कोणी विचारले नाही. रक्त तपासायला कोठे पाठवायचे आणि निकाल किती दिवसांनी येईल, हेच सर्वांना हवे होते.

टोरांटोनिवासी

सार्सच्या वेळी मी टोरांटोत होतो. २३ एप्रिल २००३ रोजी या शहरात अनावश्यक प्रवास टाळावा, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने दिला, तेव्हा येथील राजकारणी संतापले होते. गणितवेडा यांनी ४ वरून १५ टक्क्यांपर्यंतचा प्रवास सांगितला. त्यापुढचा भागही रंजक आहे. अखेरच्या हिशेबात जगभरात ८,०९६ रुग्ण आणि ७७४ मृत्यू धरले गेले, म्हणजे साडेनऊ टक्क्यांच्या आसपास. त्यात मुख्य चीनमध्ये ५,३२७ रुग्णांत ३४९ मृत्यू, म्हणजे ७ टक्के. हाँगकाँगमध्ये १,७५५ रुग्णांत २९९, म्हणजे १७ टक्के. कॅनडात २५१ रुग्णांत ४३, म्हणजे पुन्हा १७ टक्के. कॅनडातली रुग्णालये चीनपेक्षा वाईट होती, असे यावरून म्हणता येईल का? येथे संसर्ग मुख्यतः रुग्णालयांतच पसरला आणि तेथे आधीच आजारी असलेली वयस्कर माणसे त्याच्या तावडीत सापडली. शिवाय रुग्ण कोणाला म्हणायचे, याचे निकषही सर्वत्र सारख्याच काटेकोरपणे लावले गेले नाहीत. इतके सगळे एकत्र मिसळून आलेल्या ९.६ या आकड्यातील दशांश चिन्हापुढच्या सहाला काय अर्थ उरतो?

जुनी_कागदपत्रे

१९१८च्या इन्फ्लुएन्झाचा उल्लेख अजून कोणी केला नाही, याचे आश्चर्य वाटते. त्या वर्षी मुंबई शहरात तथाकथित खालच्या जातींतील हिंदूंमध्ये दर हजारी ६१.६ मृत्यू झाले, तर युरोपीयांत ८.३. एकाच शहरात, एकाच विषाणूने मरण्याची शक्यता सातपटीहून अधिक बदलत होती.

गणितवेडा

जुनी_कागदपत्रे, आकडे बोलके आहेत, परंतु ते लोकसंख्येच्या प्रमाणातले मृत्यू आहेत. लागण झालेल्यांपैकी किती मेले ते त्यातून कळत नाही. दाटीवाटीने राहणाऱ्यांना लागणच अधिक झाली असेल, तरी हाच फरक दिसेल. उपासमार, आधीचे आजार आणि शुश्रूषेला माणूस नसणे यांचा वाटा किती आणि लागणीचा वाटा किती, हे या आकड्यांतून वेगळे काढता येत नाही.

जुनी_कागदपत्रे

मान्य. मात्र चाळीत राहणाऱ्या गिरणी कामगाराला या वर्गीकरणाने काय फरक पडला असता, असे मनात येते.

शंकेखोर

पुन्हा कोविडकडे वळतो, कारण शतपावलींनी दिलेल्या ०.०५ ते ०.१० टक्के या आकड्याकडे कोणी पाहिलेच नाही. तो आकडा खरा असेल, तर एवढी टाळेबंदी कशासाठी होती?

वैनतेय

शंकेखोर, त्या सर्वेक्षणात दहिसर, चेंबूर आणि माटुंगा या भागांतील तीन प्रभागांतून ६,९३६ नमुने घेतले होते; झोपडपट्टीत ५७ टक्के आणि इतरत्र १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. छेद मोजण्याचे ते काम उत्कृष्ट होते. अंश मात्र तेव्हाच्या नोंदलेल्या मृत्यूंचा होता. त्याआधी महिनाभर, १६ जून २०२० रोजी, राज्याने आकड्यांचा ताळमेळ घालताना १,३२८ जुने मृत्यू एकाच दिवशी यादीत घातले आणि त्यांतील ८६२ एकट्या मुंबईचे होते. देशाच्या पातळीवर हा वाद आजही मिटलेला नाही: २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख अतिरिक्त, म्हणजे एरवी झाले असते त्यापेक्षा जास्तीचे, मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे आणि केंद्र सरकारला ती पद्धतच मान्य नाही.

याशिवाय झोपडपट्टीतील लोकसंख्या तरुण आहे. कोविडमध्ये विशीतल्या आणि सत्तरीतल्या माणसाच्या धोक्यात शेकडो पटींचा फरक होता, त्यामुळे वय न सांगता दिलेली कोणतीही टक्केवारी अपुरीच राहते.

गणितवेडा

याच प्रश्नाची तपासणी करण्याची एक सोपी युक्ती आहे. न्यूयॉर्क शहराची लोकसंख्या सुमारे ८४ लाख. २०२०च्या उन्हाळ्यापर्यंत तेथे कोविडने वीस हजारांहून अधिक माणसे दगावली होती. म्हणजे संपूर्ण शहराच्या ०.२ टक्क्यांहून अधिक लोक मेले. शहरातील प्रत्येकाला लागण झाली होती असे धरले, तरी मृत्युप्रमाण त्याखाली जाऊच शकत नाही, आणि सर्वांना लागण झालेली नव्हती हे तर उघडच होते. वरचे टोक मोजायलाही एक चांगली जागा त्या वर्षी फेब्रुवारीतच मिळाली होती: डायमंड प्रिन्सेस हे प्रवासी जहाज. जहाजावर ३,७११ माणसे होती, जवळपास सर्वांची चाचणी झाली, ७१२ जण बाधित निघाले आणि तेरा-चौदा दगावले. म्हणजे सुमारे २ टक्के, तेही सरासरी वय बरेच जास्त असलेल्या प्रवाशांत. त्यामुळे सर्वसाधारण लोकसंख्येत प्रमाण १ टक्क्याच्या आगेमागे असावे, हा अंदाज मार्च २०२० संपण्यापूर्वीच अनेक अभ्यासकांनी मांडला होता.

शतपावली, म्हणूनच दोन महिने गप्प बसण्याला माझा विरोध आहे. कमी-जास्त होईल असा, पण खालची-वरची मर्यादा सांगणारा अंदाज तेव्हा उपलब्ध होता. तो दडवला असता, तर त्या रिकाम्या जागी बंडोपंतांचे काका येऊन बसले असते.

बंडोपंत

काकांना आपला निरोप पोहोचवला आहे. ते आता ९५ टक्के विश्वास-मर्यादेसह निरोप पाठवतील.

शतपावली

सर्व प्रतिसाद वाचले. प्रसिद्धी थांबवण्याऐवजी टक्केवारीसोबत ती कोणत्या लोकांमधून काढली हे सांगणे सक्तीचे असावे, असा मी माझा आग्रह बदलतो. ‘निपाहचा मृत्युदर ४० ते ७५ टक्के’ याऐवजी ‘रुग्णालयात पोहोचून निदान झालेल्यांपैकी’ एवढे शब्द वाढवल्याने बातमीची जागा फारशी जाणार नाही.

एक प्रश्न शिल्लक आहे. बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूने २००३पासून नोंदलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे दगावले असे सांगतात. अमेरिकेत मात्र २०२४ आणि २०२५च्या सुरुवातीपर्यंत सुमारे सत्तर रुग्ण सापडले आणि एकच मृत्यू झाला. विषाणू सौम्य झाला, असे यावरून समजावे का?

वैनतेय

एवढ्यावरून तसे समजू नये. अमेरिकेतील बहुतेक रुग्ण दुग्धव्यवसायात किंवा कुक्कुटपालनात काम करणारे होते, अनेकांचे केवळ डोळे लाल झाले होते आणि जनावरांत साथ आल्यामुळे त्यांच्यावर लक्ष ठेवले जात होते, म्हणून ते सापडले. मिशिगन आणि कोलोरॅडोतील ११५ दुग्धकामगारांचे रक्त तपासले असता आठ जणांत प्रतिपिंडे आढळली आणि त्यांपैकी निम्म्यांनाच आपण आजारी पडल्याचे आठवत होते. पूर्वी आशियात सापडलेले रुग्ण बव्हंशी न्यूमोनियाने रुग्णालयात दाखल झालेले होते. एच५एन१चीच पण वेगळी उपशाखा आहे, संसर्गाचा मार्ग वेगळा असू शकतो आणि शोधण्याची पद्धतही वेगळी आहे. यांपैकी कशाचा वाटा किती, हे आज कोणी ठामपणे सांगू शकत नाही.

गणितवेडा

शतपावली, या प्रश्नाचा आपल्याकडचा धागा नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरमध्ये आहे. भारतात कोंबड्यांमधला पहिला एच५एन१ फेब्रुवारी २००६मध्ये तेथेच आढळला आणि लाखो पक्षी नष्ट करावे लागले. ते काम करणारे मजूर, कुक्कुटपालक आणि पशुसंवर्धन खात्याचे कर्मचारी विषाणूच्या इतके जवळ असूनही माणसांत एकही रुग्ण सिद्ध झाला नाही. त्यावरून मृत्युदराविषयी काहीच कळत नाही, कारण शून्य रुग्णांचा भागाकार होत नाही. परंतु कोंबडीकडून माणसाकडे येणे या विषाणूला तेव्हा किती अवघड होते, हे मात्र कळते. पुढची बातमी आली की मी आधी तेवढेच पाहीन: किती माणसे विषाणूच्या संपर्कात होती आणि त्यांपैकी किती जणांचे रक्त तपासले.